आयरिश पुराणकथांत शिरायचं कुठून?

आयरिश देवांची ओळख करून घ्यायला निघालेला माणूस पहिल्याच दिवशी तक्ता शोधतो. हा सूर्याचा देव, ती युद्धाची देवी, हा सगळ्यांचा बाप. ग्रीक देवांचे असे तक्ते आपण लहानपणापासून पाहिलेले असतात, म्हणून इथेही तसंच काही असणार असं वाटतं. इंटरनेटवर तो मिळतोही, रंगीत चित्रांसकट. पण मूळ गोष्ट उघडली की तक्ता कोलमडतो. ‘सूर्यदेव’ लू याला जुन्या कथांत कुणी सूर्यदेव म्हणत नाही. तो शिक्का एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी मारला. ‘देवांचा बाप’ दाग्दा एका कंजूष राजाच्या गढीसाठी खंदक खणताना भेटतो, तोही अर्धपोटी. ‘युद्धदेवी’ मॉरिगन एका कथेत गाय हाकत येते, दुसऱ्या कथेत नदीत अंघोळ करताना दिसते.

म्हणून तक्ता बाजूला ठेवा. या कथा खात्यांवर चालत नाहीत, क्रमावर चालतात. बेटावर आधी कोण आलं, नंतर कोण आलं आणि हरलेले कुठे गेले, एवढे तीन प्रश्न धरून चाललात तर नावांच्या जंगलात हरवणार नाही.

पहिली पायरी: लिहिणारा कोण, ते विसरू नका

या कथा आपल्यापर्यंत पोचल्या त्या ख्रिस्ती मठांच्या कृपेने. आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म आला पाचव्या शतकात. हातात असलेली मोठी कथा-हस्तलिखितं मात्र बाराव्या शतकाच्या आसपासची. ‘तपकिरी गाईचं पुस्तक’ साधारण 1100 च्या सुमाराचं, ‘लेन्स्टरचं पुस्तक’ त्याच शतकातलं पण जरा नंतरचं. म्हणजे लिहिणारा बाबा पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती. त्याला या मंडळींना देव म्हणता येत नव्हतं आणि आजोबा-पणजोबांची गोष्ट टाकवतही नव्हती. त्याने मधली वाट काढली. देवांना ‘फार पूर्वी इथे येऊन गेलेले, जादूटोण्यात तरबेज लोक’ बनवलं आणि त्यांची वंशावळ नेऊन बायबलच्या नोहाला जोडली.

ही ओढाताण एका पानावर बघायची असेल तर लेन्स्टरच्या पुस्तकातल्या गुरं पळवण्याच्या प्रसिद्ध महाकथेचा शेवट बघा. आयरिश भाषेत आशीर्वाद आहे: जो ही कथा जशीच्या तशी पाठ ठेवेल त्याचं भलं होवो. त्याच्या खालीच लॅटिनमध्ये दुसरी नोंद आहे: मी हे लिहिलं खरं, पण माझा यावर विश्वास नाही, यातलं काही सैतानाची फसवणूक, काही कवींची कल्पना, आणि काही मूर्खांच्या करमणुकीसाठी. मातृभाषेत आशीर्वाद आणि चर्चच्या भाषेत हात झटकणं! मला स्वतःला या दोन नोंदी कुठल्याही प्रस्तावनेपेक्षा जास्त शिकवून गेल्या.

त्यामुळे एकच प्रसंग दोन ठिकाणी वेगळा सापडला तर ‘खरं कुठलं?’ यात अडकू नका. आपल्याकडे एकाच देवाच्या जन्माच्या चार कथा असतात आणि त्यामुळे कुणाचं जेवण अडत नाही. तेच धोरण ठेवा.

दुसरी पायरी: नावं तोंडात बसवा

पाटी वाचून उच्चार करायला गेलात तर तोंडघशी पडाल, कारण रोमन लिपीतली आयरिश अक्षरं इंग्रजीसारखी वाजत नाहीत. चार नियम पुरतात. ‘बी’ किंवा ‘एम’पुढे ‘एच’ आला की बहुधा ‘व’ वाजतो. ‘टी’पुढे ‘एच’ आला की नुसता ‘ह’. ‘ई’ किंवा ‘आय’ला लागून ‘एस’ आला की ‘श’. ‘सी-एच’चा उच्चार घसा खरवडून काढलेला ‘ख’. म्हणून कोनॉखट प्रांताची राणी ‘मेव्ह’, नोव्हेंबरच्या तोंडावरचा सण ‘साउन’, आणि देवांच्या टेकड्या ‘शी’.

यात मराठी माणसाला एक फायदा आहे. आयरिशचा जाड ‘टी’ आणि ‘डी’ दातांना जीभ लावून काढतात, म्हणजे आपला ‘त’ आणि ‘द’. इंग्रजी बोलणाऱ्याला हे शिकावं लागतं, आपल्याला फुकट मिळतं. मुख्य दैवी जमातीचं नाव ‘तुअहा द्ये दानन’ असं म्हणा. ‘तुअहा’ म्हणजे लोक, जमात.

स्पेलिंग मात्र तीन-तीन सापडतील: जुनं, मधलं आणि आजचं. ‘लू’ हे नाव जुन्या लेखनात एल-यू-जी, नंतर त्याला शेवटी एच चिकटतो. माणूस एकच. शोधताना दोन्ही घालून बघा.

तिसरी पायरी: सहा पाळ्या

अकराव्या शतकात संकलित झालेलं ‘आयर्लंड घेतल्याचं पुस्तक’ सगळ्या आगमनांची साखळी लावून देतं. आधी सांगतो: हा इतिहास नाही. पण मांडणी म्हणून उत्तम.

पहिली आली केसर. (आपल्या केशराशी काही नातं नाही, नाव तेवढं तसं वाजतं.) नोहाच्या महापुराच्या चाळीस दिवस आधी पन्नास बायका आणि तीन पुरुष घेऊन ती किनाऱ्याला लागली. पुरात सगळे गेले, एक फिन्तान वाचला. तो मासा झाला, गरुड झाला, ससाणा झाला, आणि हजारो वर्षं जगून पुढच्या सगळ्या पाळ्यांचा साक्षीदार ठरला. गोष्ट सांगायला कुणीतरी जिवंत हवा, ही सोय लेखकांनी पहिल्याच पाळीत करून ठेवली.

दुसरा पार्थोलोन, त्याचे लोक एका आठवड्यात साथीच्या रोगाने संपले. तिसरा नेमेद. त्याच्या लोकांवर फोमोरी नावाच्या समुद्रापलीकडच्या जमातीने कर बसवला: दर साउनला धान्याचा, दुधाचा आणि पोटच्या मुलांचा दोन तृतीयांश वाटा. बंड झालं, बहुतेक मेले, वाचलेले देशोधडीला लागले. त्यांचेच वंशज पुढे दोन वेगवेगळ्या पाळ्यांत परत येतात. चौथे फिर बोल्ग, म्हणजे ‘पिशव्यांचे लोक’. ग्रीसमध्ये गुलामीत मातीच्या पिशव्या वाहून खडकावर शेतं करायला लावलं होतं म्हणून हे नाव पडलं, असं ते पुस्तक सांगतं. आयर्लंडचे पाच प्रांत त्यांनी पाडले.

पाचवे तुअहा द्ये दानन. सहावे मीलचे मुलगे, स्पेनहून आलेले. आयरिश लोक स्वतःला त्यांचे वंशज मानत.

आणि फोमोरी? ते कुठल्याच पाळीत नाहीत. समुद्राच्या बाजूने येतात, कर मागतात, लढतात, सोयरीकही करतात. त्यांना नुसते राक्षस समजू नका. पुढे तुअहांचा राजा झालेल्या ब्रेसचा बाप एलाथा फोमोरी होता आणि सोनेरी केसांचा देखणा राजपुत्र होता. लूची आई फोमोरींची मुलगी. देव आणि दानव एकाच कश्यपाची पोरं हे ज्याने ऐकलंय त्याला इथे फार समजवावं लागत नाही.

चौथी पायरी: एक लढाई नीट वाचा

सगळं थोडं थोडं वाचण्यापेक्षा ‘माग तुइरेदची दुसरी लढाई’ ही एकच कथा पूर्ण वाचा. छोटी आहे, आणि सगळे मोठे देव तिच्यात आपापलं काम करताना दिसतात.

आधीचा धागा असा. पहिल्या लढाईत तुअहांनी फिर बोल्गना हरवलं, पण स्रेंग नावाच्या योद्ध्याने राजा नुअदाचा हात तोडला. अंगात व्यंग असलेल्याला राजा राहता येत नाही. वैद्य दिअन केख्तने चांदीचा हात बसवला. मग वैद्याच्या मुलाने, मिअखने, खराच हात परत जोडून दिला, आणि बापाने मत्सरापोटी मुलाला ठार मारलं. मिअखच्या थडग्यावर 365 वनस्पती उगवल्या, शरीराच्या प्रत्येक सांध्याला आणि शिरेला एक. त्याची बहीण आर्मेद ती झाडं गुणांप्रमाणे अंगरख्यावर लावून ठेवत होती. बापाने ती सगळी एकत्र कालवून टाकली. कथाकार म्हणतो, म्हणून आज कुठली वनस्पती कशावर चालते हे कुणाला पुरतं माहीत नाही.

मधल्या काळात गादीवर बसला ब्रेस. दिसायला देखणा, स्वभावाने चिकट. त्याच्याकडे गेलेल्यांच्या सुऱ्यांना चरबी लागत नसे आणि श्वासाला बियरचा वास येत नसे, अशी तक्रार कथेत आहे. यजमानाची याहून मोठी बदनामी त्या समाजात नव्हती. एका कवीला त्याने अंधाऱ्या खोपटात ठेवून कोरड्या भाकऱ्या दिल्या. कवीने सकाळी निघताना उपहासाच्या चार ओळी म्हटल्या आणि राज्य उतरणीला लागलं. आयर्लंडमधलं हे पहिलं उपहासकाव्य, असं मानतात. तिकडे कवीला घाबरायची पद्धत होती आणि मला ती आवडते.

नुअदा परत राजा होतो. तेव्हाच तारा या राजधानीच्या दारात एक अनोळखी तरुण येतो: लू. द्वारपाल विचारतो, तुला येतं काय? सुतार आहे. आमच्याकडे सुतार आहे. लोहार आहे. आहे. वीर, वीणावादक, कवी, वैद्य, तांबट... प्रत्येकाला तेच उत्तर. मग लू म्हणतो, राजाला विचार, हे सगळं एकट्याला येणारा कुणी आहे का? दार उघडतं. लूची व्याख्या करायची तर या प्रसंगातून करा. तो कुठल्याच एका खात्याचा नाही, हेच त्याचं वैशिष्ट्य.

दाग्दाचा प्रसंग तर वाचताना हसू आवरत नाही. तो बोलणी करायला फोमोरींच्या छावणीत जातो. त्याला लापशी आवडते हे त्यांना ठाऊक. थट्टा म्हणून ते दूध, पीठ, चरबी आणि सबंध शेळ्या-मेंढ्या-डुकरं घालून लापशी शिजवतात, जमिनीतल्या खड्ड्यात ओततात आणि सांगतात, संपव नाहीतर मारून टाकू. त्याचा जेवायचा डाव, म्हणजे पळी, एवढा मोठा की एक बाई आणि एक पुरुष त्यात झोपू शकतील. तो सगळं संपवतो, शेवटी खड्ड्याच्या तळचे खडे-माती बोटाने निपटतो, आणि तिथेच झोपी जातो. अंगरखा आखूड, पोट फुगलेलं. याच माणसाच्या हातात एका टोकाने मारणारं आणि दुसऱ्या टोकाने जिवंत करणारं सोटं, याच्याच घरी कुणाला उपाशी न पाठवणारी कढई. भव्यता आणि ओंगळपणा एकाच अंगावर असू शकतो, हे पचलं की आयरिश देव अर्धे कळले.

मग लढाई. फोमोरींच्या बाजूला बालोर, ज्याचा एक डोळा फक्त रणांगणावर उघडतात. पापणी उचलायला चार माणसं लागतात. त्याने नुअदाला मारलेलं आहे. डोळा उघडला जात असतानाच लू गोफणीचा धोंडा हाणतो. डोळा कवटीतून मागे जातो आणि बालोरच्याच सैन्यावर पडतो. बालोर हा लूच्या आईचा बाप. आजोबाला नातवाने मारलं, पण कथा त्यावर अश्रू ढाळत बसत नाही.

मला सगळ्यात रोचक वाटतो तो लढाईनंतरचा सौदा. पकडलेला ब्रेस जीव वाचवायला म्हणतो, गाई बारमाही दूध देतील. नको. वर्षातून चार पिकं घेता येतील. नको, वसंतात नांगरणी-पेरणी, उन्हाळ्यात दाणा भरणं, शरदात कापणी, हिवाळ्यात खाणं, एवढं आम्हाला पुरतं. मग नांगरावं, पेरावं, कापावं कधी, तेवढं सांग. ब्रेस म्हणतो, मंगळवारी नांगरा, मंगळवारी पेरा, मंगळवारी कापा. एवढ्यावर सुटला. शेती कळणारी जमात समुद्राच्या बाजूची, आणि लढाई जिंकणारे तिच्याकडून तिथी विचारतात: सगळ्या युद्धाचं गाडं इथे येऊन थांबतं.

ही कथा एकाच हस्तलिखितात तगली आहे, सोळाव्या शतकातल्या. ती 1891 मध्ये छापून आणली व्हिटली स्टोक्स या डब्लिनच्या माणसाने. हा स्टोक्स 1862 मध्ये वकिलीसाठी मद्रासला आला, पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा-सदस्य झाला आणि 1882 पर्यंत भारतात होता. मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याचा मसुदा त्याचा. कचेरीतून सुटल्यावर तो जुन्या आयरिशची कोडी सोडवी. त्याची काही आयरिश पुस्तकं कलकत्त्यात छापली गेली. घराचं खरेदीखत करताना आपण ज्या कायद्यातून जातो तो लिहिणारा आणि बालोरचा डोळा जगापुढे आणणारा एकच, ही गंमत मी भेटेल त्याला सांगत असतो.

पाचवी पायरी: आता जमिनीखाली चला

मीलचे मुलगे येतात तेव्हा तुअहांच्या तीन राण्या त्यांना वाटेत एकेक करून भेटतात: बान्बा, फोदला, एर्यू. प्रत्येकीची अट एकच, बेटाला माझं नाव द्या. कवी आमर्गिन कबूल करतो. एर्यूचं नाव मुख्य राहिलं, आजचा ‘एरे’ हा देशाच्या नावाचा आयरिश शब्द तिथूनच आला. हरलेल्या राणीचं नाव जिंकलेल्यांच्या पासपोर्टवर आहे.

मग वाटणी होते. जमिनीवरचा भाग माणसांना, जमिनीखालचा तुअहांना. ते टेकड्यांत राहायला जातात. या टेकड्याच ‘शी’. ‘बॅन्शी’ हा इंग्रजीत गेलेला शब्द म्हणजे टेकडीतली बाई, बाकी काही नाही. मात्र खाली गेले म्हणून संपले असं नाही. एका जुन्या कथेत ते वरच्यांचं धान्य आणि दूध नासवतात, आणि शेवटी माणसांना दाग्दाशी तह करावा लागतो.

टेकड्यांच्या वाटपात दाग्दाचा मुलगा ओएंगस राहून जातो. तो बापाकडे जाऊन बॉइन नदीकाठचं घर मागतो, फक्त ‘दिवस आणि रात्र’ यापुरतं. मुदत संपल्यावर बाप म्हणतो, चल निघ. मुलगा म्हणतो, जग चालतं तेच दिवस आणि रात्रींवर. तू मला कायमचं दिलंस. इंग्रजी वाचकाला हा विनोद तळटिपेत समजवावा लागतो, कारण त्यांच्या भाषेत ‘एक’ घातल्याशिवाय चालत नाही. जुन्या आयरिशमध्ये तसं उपपद लागत नाही, मराठीतही नाही. ‘दिवसरात्र’ म्हणजे चोवीस तास की सदासर्वकाळ? आपल्याला लगेच कळतं दाग्दा कुठे फसला.

ते घर म्हणजे आजची न्यूग्रेंज नावाची बांधीव टेकडी. ख्रिस्तपूर्व 3200 च्या सुमारास बांधलेली, म्हणजे आयरिश भाषा बेटावर पोचायच्या कितीतरी आधीची. हिवाळी अयनान्ताच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वात छोट्या दिवसाच्या, सकाळी दारावरच्या झरोक्यातून सूर्यकिरण आतल्या खोलीत शिरतो आणि जवळपास सतरा मिनिटं राहतो. टेकडी आधीपासून होती, कुणी बांधली ते विसरलं गेलं होतं, आणि मग तिच्यात देव राहायला आले.

एक सापळा, खास आपल्यासाठी

‘दानन’ वाचलं की आपल्या डोक्यात दनु आणि दानव वाजायला लागतात. सावकाश. ‘दानू’ हे देवीचं नाव तुम्हाला सगळीकडे दिसेल, पण जुन्या ग्रंथांत ते त्या रूपात नाही. षष्ठीच्या ‘दानन’वरून अभ्यासकांनी मूळ रूप कल्पिलं. तिची म्हणून सांगता येईल अशी एकही कथा नाही. ‘आयरिश देवांची महामाता’ या मथळ्याखाली जे पानभर लिहिलेलं असतं ते आजचं आहे. 900 च्या सुमाराच्या एका आयरिश शब्दकोशात ‘आनू’ ही आयर्लंडच्या देवांची आई म्हणून येते आणि केरीतल्या दोन जुळ्या डोंगरांना तिचे स्तन म्हणतात; तेवढं मात्र पक्कं.

भारताशी साम्य शोधायचंच असेल तर बाराव्या शतकातल्या एका परक्या पाद्र्याने लिहिलेलं, उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातल्या राज्याभिषेकाचं वर्णन बघा. त्यात राजा आणि पांढरी घोडी यांचा विधी आहे, आणि अभ्यासक त्याची तुलना अश्वमेधाशी करतात. पाद्री आयरिश लोकांबद्दल चांगलं बोलायच्या मनःस्थितीत नव्हता, हे ध्यानात ठेवून वाचा.

शिंगांचा देव केर्नुन्नोस कुणी आयरिश म्हणून दाखवला तर हसून सोडा, तो फ्रान्समधला. झाडांची ‘केल्टिक राशी’ही सोडाच.

सहावी पायरी: पुढे काय, आणि पाय कुठे ठेवायचे

लढाई आणि टेकड्या झाल्या की मग मेव्ह राणी आणि वीर कू खुलिन यांच्या अल्स्टरच्या कथा घ्या, त्यानंतर फिन आणि त्याच्या रानोमाळ फिरणाऱ्या टोळीच्या. उलट क्रमाने गेलात तर मॉरिगन मध्येच का येते ते कळत नाही. मूळ पाठ आणि इंग्रजी भाषांतरं कॉर्क विद्यापीठाच्या ‘सेल्ट’ संग्रहात फुकट आहेत. ‘दूखस’ या संकेतस्थळावर 1937 ते 1939 मध्ये शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून लिहून घेतलेल्या गोष्टी आहेत, त्यांच्याच वळणदार अक्षरात. बालोरच्या गोष्टी तिथेही सापडतात, आणि त्या पोरांची भाषा पंडितांपेक्षा गोड आहे.

कॅलेंडरही जवळ ठेवा. आयरिश भाषेत मे महिना ‘बेल्टिने’, ऑगस्ट ‘लूनसा’ म्हणजे लूचा सण, नोव्हेंबर ‘साउन’. ब्रिगिद ही कवी, वैद्य आणि लोहार यांची देवी. तिच्याच नावाच्या संत ब्रिगिदचा दिवस 1 फेब्रुवारीला. 2023 पासून त्या सुमारास सार्वजनिक सुट्टी असते.

प्रत्यक्ष जायचं झालं तर न्यूग्रेंजला अयनान्ताच्या सकाळी आत जाण्यासाठी सोडत निघते. नाव द्या, पण त्या भरवशावर तिकीट काढू नका. इतर दिवशी आत दिव्याने तो किरण दाखवतात. स्लायगोत लॉख ॲरोजवळ हीप्सटाउनची दगडांची रास आहे. दिअन केख्तची जखमी बरे करणारी विहीर फोमोरींनी दगड टाकून बुजवली, तीच ही, असं कथा म्हणते. तिथे गर्दी नसते.

आणि रॉसकॉमनला गेलात तर जुने कपडे घाला. रॅथक्रोहनची ‘मांजरांची गुहा’ म्हणजे मॉरिगनचं घर. साउनच्या रात्री पलीकडचे जीव तिथून बाहेर पडत. ती शेताच्या कडेला आहे, म्हणून टल्स्कच्या माहिती केंद्रातून वाटाड्या घ्या. तोंड इतकं अरुंद की बसून, मग रांगत शिरावं लागतं आणि खाली चिखल. शिरताना डोकं सांभाळा, पण विजेरी एकदा वरच्या दगडावर मारा. चौकटीच्या त्या दगडावर ओघम या जुन्या आयरिश लिपीच्या रेघांत कोरलेलं आहे: ‘व्राइक्कीचा, मेद्वीच्या मुलाचा’.